अँथनी ब्राऊन : हेलिकॉप्टर, लष्करी कायदा आणि मेरीलँडचे विधानमंडळ

नदीकाठ :

आम्ही गेली एकोणीस वर्षे अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या उत्तरेस, मेरीलँड राज्यात राहतो. नागरिकत्व मिळाल्यावर मी २०१४ मध्ये पहिल्यांदा मतदान केले. त्या मतपत्रिकेवर गव्हर्नरपदासाठी अँथनी ब्राऊन यांचे नाव होते आणि ते त्या निवडणुकीत पडले. आठ वर्षांनी त्याच राज्याने त्यांना अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे राज्याचे मुख्य कायदा अधिकारी, म्हणून निवडून दिले. मधल्या काळात मी त्यांच्या कारकिर्दीविषयी जे वाचले, ते मला आपल्या मंडळींसमोर सविस्तर मांडावेसे वाटते. सैनिक, वकील आणि आमदार या तिन्ही भूमिका एकाच माणसाने इतकी वर्षे निभावल्याची उदाहरणे फार नाहीत, आणि आपल्याकडे या विषयावर मराठीत जवळजवळ काहीच लिहिलेले नाही.

ब्राऊन यांचा जन्म २१ नोव्हेंबर १९६१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हंटिंग्टन या गावी झाला. वडील क्यूबात जन्मलेले, जमैकात वाढलेले, झुरिचमध्ये शिकलेले डॉक्टर, आई स्विस. अठराव्या वर्षी ते वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत दाखल झाले, पण तिथे फार दिवस राहिले नाहीत आणि हार्वर्डला गेले. सैन्य मात्र मनातून गेले नव्हते, कारण हार्वर्डमध्ये असतानाच त्यांनी सैनिकी अधिकारी प्रशिक्षणात नाव घातले आणि १९८४ साली पदवी घेऊन सेकंड लेफ्टनंट म्हणून भूदलात रुजू झाले. अलाबामातील फोर्ट रकर येथे ते हेलिकॉप्टर चालवायला शिकले आणि नंतर तिसऱ्या इन्फन्ट्री डिव्हिजनच्या हवाई ब्रिगेडबरोबर जर्मनीत राहिले. शीतयुद्धाची ती शेवटची वर्षे होती.

१९८९ मध्ये त्यांनी हार्वर्डच्या विधी महाविद्यालयात प्रवेश घेतला. बराक ओबामा त्याच काळात तिथे शिकत होते. १९९२ मध्ये पदवी मिळाल्यावर ब्राऊन यांनी जे केले, ते मला त्यांच्या साऱ्या आयुष्याची किल्ली वाटते. ते अमेरिकेच्या लष्करी अपील न्यायालयात मुख्य न्यायाधीश युजीन सलिव्हन यांचे विधी लिपिक, म्हणजे कागद वाचून निकालाच्या कामात न्यायाधीशांना मदत करणारे तरुण वकील, म्हणून काम करू लागले. हे न्यायालय १९५० च्या लष्करी न्यायसंहितेतून जन्मले. कोर्ट मार्शलवरील अपिले त्याच्याकडे येतात, पण त्याचे न्यायाधीश गणवेशातले नसतात, ते नागरी असतात. दुसऱ्या महायुद्धात लक्षावधी सैनिकांवर कोर्ट मार्शल झाले आणि युद्धानंतर घरी परतलेल्या त्या लोकांनी तक्रारींचा पाऊस पाडला. खटला चालवायचा की नाही हे कमांडर ठरवतो, न्याय करणारे अधिकारीही तोच नेमतो आणि शिक्षेवर शिक्कामोर्तबही तोच करतो, मग न्याय कोणाकडे मागायचा? या प्रश्नाला उत्तर म्हणून हे नागरी न्यायालय उभे राहिले. ब्राऊन तिथे शिकले, आणि पुढे राखीव दलात जज अ‍ॅडव्होकेट जनरल विभागाचे, म्हणजे ज्याला सैन्यात सगळे 'जॅग' म्हणतात त्या विभागाचे, अधिकारी झाले.

१९९८ मध्ये ते प्रिन्स जॉर्जेस काउंटीच्या २५ व्या मतदारसंघातून हाउस ऑफ डेलिगेट्सवर, म्हणजे मेरीलँडच्या विधानसभेवर, निवडून आले. या सभागृहात १४१ सदस्य आहेत आणि अधिवेशन वर्षातून एकदाच, जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारपासून ९० दिवस चालते. उरलेले नऊ महिने आमदाराने आपला व्यवसाय करायचा. ब्राऊन वकिली करीत होते. सभागृहात ते न्यायविषयक समितीचे उपाध्यक्ष झाले आणि २००४ मध्ये बहुमताच्या पक्षाचे प्रतोदही. त्याच वर्षी राखीव दलाचे बोलावणे आले. आमदार असतानाच ते इराकला गेले आणि सुमारे दहा महिने तिथे राहिले. नागरी कामकाज पाहणाऱ्या ३५३ व्या सिव्हिल अफेअर्स कमांडबरोबर त्यांनी फलुजा, किर्कुक आणि बसरा येथे काम केले. इराकच्या विस्थापन व स्थलांतर मंत्रालयाचे ते ज्येष्ठ सल्लागार होते. या कामासाठी त्यांना ब्राँझ स्टार हे लष्करी पदक मिळाले.

पुढचे मी प्रतिसादांमधून लिहीन. लष्करी कायद्याचा अनुभव आमदाराच्या हाती नेमके काय देतो, हे मला या धाग्यात समजून घ्यायचे आहे.

निवृत्त सुभेदार :

नदीकाठताई, धागा वाचून समाधान वाटले. मी भारतीय भूदलात अठ्ठावीस वर्षे नोकरी करून साताऱ्याला स्थायिक झालो आहे. मी वकील नाही, पण समरी कोर्ट मार्शलच्या वेळी हजर राहण्याची पाळी माझ्यावर दोनदा आली, त्यामुळे आपण लिहिलेला 'न्याय कोणाकडे मागायचा' हा प्रश्न मला पुस्तकी वाटला नाही.

आपल्या आर्मी अ‍ॅक्ट १९५० च्या कलम ११६ प्रमाणे समरी कोर्ट मार्शलमध्ये युनिटचा कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायालय असतो. आणखी दोघे, अधिकारी किंवा जेसीओ (म्हणजे सुभेदारासारखे कनिष्ठ अधिकारी), कामकाजाला बसतात. पण त्यांना शपथ नसते आणि त्यांचे मतही विचारले जात नाही. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल किंवा वरच्या हुद्द्याचा असेल तर एक वर्षापर्यंत कैद देता येते, आणि शिक्षा वरून मंजूर होऊन येण्याची वाट न पाहता अमलात आणता येते. नंतर कागद वर जातात आणि जॅग विभाग ते तपासतो. जवानाला एक साथीदार मिळतो, त्याला 'आरोपीचा मित्र' म्हणतात.

दुसऱ्या वेळी मी हजर होतो तेव्हा आरोपी वीस-एकवीस वर्षांचा मुलगा होता, रजा संपल्यावर बावीस दिवस उशिरा आलेला. आमचे साहेब चांगले होते आणि त्यांनी त्याचे शांतपणे ऐकून घेतले. तरी ज्यांच्या हाताखाली त्याला उद्या पुन्हा उभे राहायचे होते, त्यांच्याच समोर तो तेव्हा आरोपी म्हणून उभा होता, आणि तो एक शब्दही नीट बोलू शकला नाही. पुढे कागद तपासताना वरच्या कार्यालयाने शिक्षा कमी केली. जॅगच्या त्या अधिकाऱ्याला आम्ही कधी पाहिले नाही. पण त्याने कागद लक्षपूर्वक वाचला एवढे मात्र आम्हाला कळले.

म्हणून मला विचारायचे आहे, की या ब्राऊनसाहेबांनी असे कागद वाचण्याचे जे शिक्षण घेतले, त्याचा उपयोग त्यांनी आमदार म्हणून केला का?

विधीप्राध्यापक :

सुभेदारसाहेबांचा अनुभव मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे. शिस्तीसाठी झटपट न्याय हवा आणि न्यायासाठी अंतर हवे, या दोन गरजा लष्करी कायद्यात एकमेकींना सतत अडवतात.

एक मुद्दा मी जोडू इच्छितो. गणवेश आणि विधानमंडळ यांची सांगड अमेरिकेतही विनातक्रार बसलेली नाही. साउथ कॅरोलायनाचे लिंडसे ग्रॅहम हे दुसरे ठळक उदाहरण. ते ऐंशीच्या दशकात हवाई दलाच्या जॅगमध्ये होते, आधी बचावाचे वकील आणि नंतर युरोपात अभियोक्ता, म्हणजे सरकारी वकील. १९९३ ते १९९५ राज्याच्या विधानसभेत. पुढे काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, कनिष्ठ सभागृहात आणि नंतर सेनेटमध्ये. सेनेटर असतानाच राखीव दलाचे अधिकारी म्हणून त्यांची हवाई दलाच्या फौजदारी अपील न्यायालयावर न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली. एका हवाई सैनिकाच्या खटल्यात हा प्रश्न वर गेला आणि २००६ मध्ये लष्करी अपिलांच्या सर्वोच्च नागरी न्यायालयाने सांगितले, की काँग्रेसच्या सदस्याला असे न्यायाधीशपद धारण करता येणार नाही, कारण राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात त्याला मनाई आहे. हे तेच न्यायालय, जिथे ब्राऊन लिपिक होते. १९९४ मध्ये त्याचे नाव बदलले एवढेच.

ती मनाई फक्त काँग्रेसच्या सदस्यांपुरती आहे, त्यामुळे राज्याच्या आमदाराला ती लागू पडत नाही. आपल्याकडे घटनेच्या १०२ व्या आणि १९१ व्या अनुच्छेदांनी लाभाच्या पदावर असलेल्यास अपात्र ठरवले आहे, पण संसदेने १९५९ च्या कायद्यात खासदारांसाठी प्रादेशिक सेनेच्या पदाला सूट दिली. म्हणूनच सचिन पायलट २०१२ मध्ये आणि अनुराग ठाकूर २०१६ मध्ये खासदार असताना प्रादेशिक सेनेत अधिकारी होऊ शकले. मात्र लष्करी कायद्याचा व्यवसाय करून आपल्या विधानसभेत आलेला आमदार माझ्या पाहण्यात नाही.

केवडा :

नदीकाठताई, तुमचे लिखाण आवडले, पण चित्र एकाच बाजूने रंगू नये म्हणून लिहिते. मीही त्या काळात बाल्टिमोरजवळ राहत होते. १ ऑक्टोबर २०१३ रोजी राज्याचे आरोग्यविमा संकेतस्थळ सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी कोसळले. आमच्या घरी तेव्हा नोकरी गेलेली होती आणि विमा हवा होता. मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तो अर्ज भरण्याचा प्रयत्न करीत असे. प्रत्येक वेळी तिसऱ्या पानावर सगळे पुसले जाई. शेवटी राज्याला ती यंत्रणा टाकून द्यावी लागली आणि कनेटिकट राज्याची प्रणाली आणावी लागली. ब्राऊन तेव्हा लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे गव्हर्नरच्या खालोखालच्या पदावर, होते आणि आरोग्यसुधारणेची जबाबदारी त्यांच्याकडे होती. सैन्यात पलटणीचे पुढारीपण केलेल्या माणसाकडून मी अधिक अपेक्षा केली होती. २०१४ मध्ये मी त्यांना मत दिले नाही.

नदीकाठ :

केवडाताई, तुमचा राग रास्त आहे आणि मी त्याला उत्तर देऊन तो पुसू इच्छित नाही. आठ वर्षे आमदारकी केल्यावर ब्राऊन २००६ मध्ये गव्हर्नर झालेल्या मार्टिन ओमॅली यांच्याबरोबर निवडून आले आणि जानेवारी २००७ पासून दोन कार्यकाळ लेफ्टनंट गव्हर्नर होते. या पदाला मेरीलँडच्या घटनेने स्वतःची अशी कामे दिलेली नाहीत; गव्हर्नर सोपवील ते काम करायचे. त्यामुळे श्रेय आणि दोष दोन्ही धूसर होतात. आरोग्यसुधारणेच्या समितीचे ते सह-अध्यक्ष होते, पुढे आले ते त्याच कामाच्या जोरावर, आणि संकेतस्थळ कोसळल्यावर त्यांनी जबाबदारी जितक्या ठामपणे उचलायला हवी होती तितकी उचलली नाही, असे माझेही मत आहे. त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे बळ असलेल्या राज्यात ते २०१४ मध्ये रिपब्लिकन उमेदवार लॅरी होगन यांच्याकडून सुमारे चार टक्क्यांनी हरले, त्यामागे करवाढीचा राग होताच, पण या संकेतस्थळाचा वाटाही मोठा होता.

सुभेदारसाहेबांच्या प्रश्नाकडे येते. कागद वाचण्याच्या शिक्षणाचा उपयोग त्यांनी केला का? माझ्या मते केला, आणि तो सर्वांत स्पष्ट दिसतो तो कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात. ऑगस्ट २००८ मध्ये त्यांच्या चुलत बहिणीची तिच्यापासून दुरावलेल्या जोडीदाराने गोळ्या घालून हत्या केली. अशा वेळी कडक शिक्षेची मागणी करणे कोणत्याही पुढाऱ्याला सोपे असते. ब्राऊन यांनी मात्र हत्येच्या आधीच्या पायरीकडे लक्ष दिले. पीडितेला न्यायालयाकडून संरक्षणाचा आदेश मिळतो, तेव्हा त्या माणसाच्या घरातील बंदुकीचे काय होते? २००९ मध्ये विधानमंडळाने कायदा केला, की तात्पुरत्या आदेशाच्या वेळी न्यायाधीश बंदूक जमा करण्यास सांगू शकतील आणि अंतिम आदेशाच्या वेळी ती जमा करावीच लागेल. 'शकतील' आणि 'लागेल' या दोन क्रियापदांसाठी दोन वेगवेगळी विधेयके होती. या दोन शब्दांतील अंतर किती आयुष्यांचे असते, हे ज्याला कळते त्याने आपली शिदोरी योग्य जागी वापरली असे मी म्हणेन.

दुसरे उदाहरण माझ्या मनात घर करून राहिले आहे. २०१६ मध्ये ते काँग्रेसवर निवडून आले आणि सहा वर्षे सशस्त्र दलांविषयीच्या समितीत होते. अमेरिकेच्या भूदलाचे नऊ तळ अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेल्या बंडखोर सेनाधिकाऱ्यांच्या नावाने ओळखले जात होते, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्यांच्या नावाने. ज्या फोर्ट रकर येथे ब्राऊन हेलिकॉप्टर शिकले तोही त्यांपैकीच एक. २०२० मध्ये त्यांनी नेब्रास्काचे रिपब्लिकन सदस्य आणि हवाई दलाचे निवृत्त ब्रिगेडिअर जनरल डॉन बेकन यांच्यासह ही नावे बदलण्याची सुधारणा मांडली. अंतिम कायद्यात त्यासाठी आयोग नेमण्यात आला, राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकार वापरला आणि दोन्ही सभागृहांनी तो दोन-तृतीयांश मतांनी मोडला. २०२३ मध्ये फोर्ट रकरचे नाव फोर्ट नोव्होसेल झाले, व्हिएतनाममध्ये जखमी सैनिकांना वाचवणाऱ्या वैमानिकाच्या स्मरणार्थ. २०२५ मध्ये पुन्हा 'रकर' हेच नाव आणले गेले. मात्र या वेळी ते पहिल्या महायुद्धातील त्याच आडनावाच्या एका वैमानिकासाठी असल्याचे सांगण्यात आले. ज्याच्या नावाने तळ पूर्वी ओळखला जाई तो जुना बंडखोर कर्नल रकर त्यामुळे अधिकृतपणे परतला नाही, पण फाटकावर अक्षरे तीच आली. याचे मला वाईट वाटते आणि ते लपवण्याचे कारण नाही.

विधीप्राध्यापक :

ताईंच्या या प्रतिसादाने मला मेरीलँडच्या इतिहासातील एक गोष्ट आठवली. ब्राऊन आज ज्या पदावर आहेत त्या अ‍ॅटर्नी जनरलच्या पदावर १८२७ ते १८३१ या काळात रॉजर टॅनी होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून त्यांनीच १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही असा निकाल दिला. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांचा पुतळा राजधानी अ‍ॅनापोलिसच्या विधानभवनाच्या आवारातून हलवण्यात आला, आणि जानेवारी २०२३ मध्ये राज्याचे पहिले कृष्णवर्णीय अ‍ॅटर्नी जनरल म्हणून ब्राऊन यांनी शपथ घेतली.

पण टॅनींचा दुसरा एक निर्णय लष्करी कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाचावा लागतो. मे १८६१ मध्ये जॉन मेरीमन या मेरीलँडच्या जमीनदाराला सैन्याने पहाटे घरातून उचलून बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्रीत डांबले. त्याला न्यायालयासमोर आणण्याचा आदेश टॅनी यांनी दिला आणि किल्ल्याच्या सेनापतीने तो मानला नाही. टॅनी यांनी लिहिले, की बंदी प्रत्यक्षीकरणाचा हक्क स्थगित करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नाही, तो काँग्रेसचा आहे. लिंकन यांनी तो निर्णय पाळला नाही. सुटकेनंतर काही वर्षांनी मेरीमन स्वतः मेरीलँडच्या हाउस ऑफ डेलिगेट्सवर निवडून आले. ज्याने माणसांच्या एका मोठ्या समूहाला कायद्याबाहेर ढकलले, त्याच लेखणीने सैन्यालाही कायद्याच्या आत राहण्यास बजावले. हे दोन्ही एकाच माणसाचे असणे मला वर्गात शिकवताना आजही जड जाते.

नदीकाठ :

सर, मेरीमनबद्दल मला माहीत नव्हते. आभारी आहे.

अ‍ॅटर्नी जनरलच्या कामाविषयी लिहायचे राहिले आहे, आणि मला वाटते सुभेदारसाहेबांनी सांगितलेला तो वीस-एकवीस वर्षांचा मुलगा इथे पुन्हा भेटतो. आपल्या महाराष्ट्रात महाधिवक्त्यांची नेमणूक राज्यपाल करतात. इथे ४३ राज्यांत अ‍ॅटर्नी जनरल थेट लोक निवडतात. २०२२ च्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, ब्राऊन यांच्यासमोर होत्या केटी करन ओमॅली, म्हणजे ज्यांच्या हाताखाली त्यांनी आठ वर्षे काम केले त्याच गव्हर्नरांच्या पत्नी आणि स्वतः माजी न्यायाधीश. ती निवडणूक जिंकणे सोपे नव्हते.

त्यानंतरची त्यांच्या कार्यालयाची तीन कामे मला एकाच धाग्यात ओवलेली दिसतात. एप्रिल २०२३ मध्ये बाल्टिमोरच्या कॅथलिक धर्मप्रांतातील बालकांच्या लैंगिक शोषणाचा अहवाल प्रसिद्ध झाला. तपास आधीचे अ‍ॅटर्नी जनरल ब्रायन फ्रॉश यांनी २०१८ मध्ये सुरू केला होता; अहवालात १५६ अत्याचारी आणि ६०० हून अधिक पीडितांची नोंद आहे. चर्चच्या वरिष्ठांकडे तक्रारी पोहोचत होत्या आणि तिथेच मुरत होत्या. दुसरे काम पोलिसांविषयी. पोलिसांच्या हातून कोणी दगावले तर खटला भरायचा की नाही हे पूर्वी स्थानिक अभियोक्ता ठरवत असे, ज्याला रोज त्याच पोलिसांबरोबर काम करावे लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून हा अधिकार अ‍ॅटर्नी जनरलच्या स्वतंत्र विभागाकडे आला. तिसरे म्हणजे कोठडीत किंवा अटक होताना झालेल्या मृत्यूंची फेरतपासणी. २००३ ते २०१९ मधील ८७ प्रकरणे बाहेरच्या तज्ज्ञांनी पुन्हा वाचली आणि मे २०२५ मध्ये जाहीर झाले, की त्यांपैकी ३६ मृत्यू मनुष्यवध म्हणून नोंदवायला हवे होते असे तपासणाऱ्या तज्ज्ञांचे एकमत आहे. त्या वेळी मात्र त्यांची नोंद अपघाती, नैसर्गिक किंवा अनिश्चित अशी केली गेली होती.

ज्या संस्थेत गुन्हा घडला तिनेच त्याचा निवाडा करू नये, हे तत्त्व तिन्ही ठिकाणी आहे आणि ब्राऊन ते प्रथम शिकले लष्करी अपील न्यायालयात. योगायोग असा, की ते काँग्रेसमध्ये असताना मंजूर झालेल्या सुधारणेप्रमाणे सैन्यातील बलात्कार, खून अशा गंभीर गुन्ह्यांत खटला भरण्याचा निर्णय कमांडरकडून काढून स्वतंत्र लष्करी अभियोक्त्यांकडे देण्यात आला, आणि ती तरतूद २८ डिसेंबर २०२३ रोजी लागू झाली. पोलिसांबाबतच्या राज्याच्या कायद्यानंतर तीन महिन्यांच्या आत! ती सुधारणा काही एकट्या ब्राऊन यांची नव्हे. अनेक वर्षे अनेक महिला सैनिकांनी आणि सदस्यांनी त्यासाठी झगडा केला. पण दोन्ही कायद्यांत विचार एकच आहे.

केवडा :

ताई, हे वाचून माझे मत बदलले असे मी म्हणणार नाही, कारण ती रात्री दोनची तिसऱ्या पानावरची वेळ मला अजून आठवते. तरी एक मान्य करते. संकेतस्थळ हे चालवण्याचे काम होते आणि हे तपासण्याचे काम आहे. एखादा माणूस पहिल्यात कमी आणि दुसऱ्यात उत्तम असू शकतो, आणि मतदाराने त्याला त्याच्या जागी बसवले तर त्यात विसंगती नाही. २०२२ मध्ये मी त्यांना मत दिले होते.

निवृत्त सुभेदार :

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. नदीकाठताईंना एक माहिती विचारतो. जनरल वॉशिंग्टन यांनी १७८३ साली आपल्या सेनापतिपदाचा राजीनामा अ‍ॅनापोलिस येथेच दिला असे मी कुठेतरी वाचले होते. ते हेच विधानभवन काय?

नदीकाठ :

होय सुभेदारसाहेब, हेच. २३ डिसेंबर १७८३ रोजी, जुन्या सेनेटच्या दालनात. तेव्हा काँग्रेस तिथे भरत होती. ते दालन आता जसे होते तसे पुन्हा उभे केले आहे आणि लोकांना पाहता येते. त्याच छपराखाली हाउस ऑफ डेलिगेट्सही भरते, जिथून ब्राऊन इराकला गेले आणि जिथे परत आले. कधी इकडे आलात तर मी आपल्याला घेऊन जाईन. अधिवेशनाचे दिवस साधून या, म्हणजे सज्जात बसून कामकाजही ऐकता येईल.